फुंकरबाबा आणि मुनीमचं नाक

सकाळी त्या लांबट हॉलमध्ये शिंकांचा नुसता गदारोळ चाललेला असायचा. टोपल्या, पिशव्या, पुठ्ठ्याचे खोके, आणि प्रत्येकात एक नाक गळणारं मांजर. मधला पडदा हलला की शिंकणारं मांजर आत जायचं आणि थोड्या वेळानं मोकळ्या नाकानं, मिशा चाटत बाहेर यायचं. "खाल्लं हो हिनं! किती दिवसांनी खाल्लं," असं म्हणत मालकीण डोळे पुसायची आणि अख्खा हॉल हात जोडायचा. आतला माणूस चांदीच्या नळीतून नाकावर फुंकर घालायचा, म्हणून सगळे त्याला फुंकरबाबा म्हणत. मी त्याला काय म्हणायचो ते छापण्यासारखं नाही.

सत्यशोधन वगैरे नंतरचं. मला त्या माणसाचा सूड घ्यायचा होता, हे आधीच सांगून टाकतो.

माझी थोरली बहीण, म्हणजे ताई, आणि मी एकाच घरात राहतो. तिचा बोका गादीवर बसून घरावर नजर ठेवतो, म्हणून त्याचं नाव मुनीम. वर्षभर त्याचं नाक वाहत होतं. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी सरळ सांगितलं होतं, "दुखणं जुनं आहे. पूर्ण जाईलच असं नाही. भूल देऊन तोंड-नाक नीट तपासू, कारण शोधू. तोवर ही औषधं द्या. जपलं तर सुखानं जगेल." ताईला त्यातलं 'पूर्ण जाईलच असं नाही' एवढंच ऐकू आलं. पी हळद नि हो गोरी असंच औषध सगळ्यांना हवं असतं, आणि ते फुंकरबाबाकडे होतं.

पहिल्या फुंकरीनंतर मुनीमनं तिथल्या तिथे मासा खाल्ला. घरी येईपर्यंत नाक पुन्हा बंद. ताई परत गेली, तेव्हा बाबा म्हणाला, "डॉक्टरचं औषध बंद करा. आणि तुमच्या घरात कुणीतरी शंकेखोर आहे. त्याचा श्वास या मुक्या जिवाला बाधतो. तो घरात असेपर्यंत गुण टिकायचा नाही."

घरात ताई, मुनीम आणि मी.

"तू थोडे दिवस दुकानात झोपशील का?" ताई माझ्याकडे न बघता म्हणाली. "त्याचा जीव चाललाय रे."

"औषध बंद केलंस म्हणून चाललाय, ताई."

"बघ. हेच. हेच म्हणाले होते ते."

चोराच्या उलट्या बोंबा, आणि घराबाहेर मी. माझं काचा-आरशांचं दुकान आहे. तिथे फरशीवर पडल्या पडल्या मला मुनीमच्या बरगड्या दिसायच्या. त्यानं खाणं जवळपास सोडलं होतं. तो मेला असता तर ताईनं ते माझ्याच माथी मारलं असतं, आणि बाबानं तिला तसंच शिकवलं होतं.

दुकानात उंदरांवर नेमलेली एक मांजरी आहे, जन्मात न शिंकलेली. तिला टोपलीत घातलं आणि रांगेत जाऊन बसलो. हॉलच्या कोपऱ्याकोपऱ्यात धुरीची भांडी होती. खिडक्या मात्र बंद, चौकटींना खिळे ठोकलेले. थोड्याच वेळात माझी ठणठणीत मांजरी शिंकायला लागली. पाठोपाठ मीही.

आत पाऊल टाकलं आणि माझा चष्मा धूसर झाला. काच हा माझा धंदा आहे. काच मंत्रानं धूसर होत नाही, वाफेनं होते.

"अरेरे," बाबानं नळी उचलली. "हिच्या नाकात सात वर्षांचा श्वास कोंडलाय."

"महाराज, ही जेमतेम वर्षाची आहे."

"बाकीची सहा मागच्या जन्माची," तो जराही न अडखळता म्हणाला.

मग फुंकर, मग चेल्यानं पुढे केलेली गरम माशाची बशी. मांजरीनं ती चाटूनपुसून साफ केली.

तिथून मी तडक डॉक्टरीणबाईंकडे गेलो आणि सगळं सांगितलं. त्या आधी हसल्या, मग गंभीर झाल्या. "धुरानं नाक चिडतं. वाफेनं शेंबूड पातळ होऊन ते मोकळं होतं. आणि मांजर वासावर खातं, नाक चोंदलं की जेवण बंद. म्हणून अन्न कोमट करून द्यायचं, वास वाढतो. हे मी सगळ्यांना सांगते. लोक म्हणतात, एवढंच?"

"उद्या माझ्याबरोबर चला."

"तपासायला येईन. भांडायला नाही."

"भांडायचं कुणाला आहे?" मी खोटं बोललो.

दुसऱ्या दिवशी मी पकड घेऊन खिळे उपटायला लागलो. चेला धावत आला. "काचा पुसायच्यात," मी म्हणालो, "वरून सांगितलंय." वरून सांगितलंय म्हटल्यावर माणसं पुढे विचारत नाहीत. मी सगळ्या खिडक्या उघडल्या. डॉक्टरीणबाईंनी धुरीवर पाणी ओतलं, एक भांडं सोडून. ते मी बाजूला काढून ठेवलं होतं.

"थोडा वेळ कुणी आत जाऊ नका," त्या लोकांना म्हणाल्या. "नुसतं बसा."

लोक कुरकुरले, पण बसले. वारा आत आला. शिंका विरळ झाल्या, मग थांबल्या. माणसं टोपल्यांत डोकावून बघायला लागली. एक आजोबा हळूच म्हणाले, "आमची तर अजून आत गेलीच नाही."

तीन टोपल्या मात्र अजून घरघरत होत्या. त्यातली एक ताईच्या मांडीवर होती.

"ही तिघं खरी आजारी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "बाकीच्यांचं घरी अधूनमधून वाहत असेल, पण आजची शिंक या धुराची."

मी पडदा बाजूला सारला, बाबाच्या बैठकीवरची चादर उचलली. खाली शेगडीवर पाण्याचं पातेलं वाफाळत होतं. लोक बघत राहिले. चेला मागच्या मागे पसार झाला. राखून ठेवलेलं धुरीचं भांडं मी त्या खोलीत सरकवलं, बाबाला आत ठेवून पडद्यामागचं दार ओढलं आणि पाठ लावून उभा राहिलो. नाक दाबल्याशिवाय तोंड उघडत नाही म्हणतात.

आतून एक शिंक आली. मग शिंकांची माळच लागली.

"फुंकर घाला की, महाराज. नळी हातातच आहे तुमच्या."

"दार उघड रे."

"आधी सांगा, कुणाच्या श्वासानं होतंय हे?"

"धुरानं!" तो ओरडला. "धुरानं होतंय, उघड!"

अख्ख्या हॉलनं ऐकलं, ताईनंही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पुरे, उघडा." मी उघडलं, पण लगेच नाही. मला मजा येत होती आणि त्याची मला अजून लाज वाटत नाही.

मुनीमच्या एकाच नाकपुडीतून रक्ताळलेला शेंबूड येत होता. दवाखान्यात भूल देऊन तपासलं तेव्हा कळलं, वरची एक दाढ मुळापासून सडून नाकापर्यंत पोचली होती. ती काढली. "आधी आला असता तर नाकाचं अस्तर इतकं खराब झालं नसतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. संध्याकाळी ताईनं माझं अंथरूण घरात घातलं.

मुनीम बरा झालेला नाही, होणारही नाही. ताई त्याला गरम पाणी सोडलेल्या न्हाणीघरात घेऊन बसते, डॉक्टरांनी दिलेले मिठाच्या पाण्याचे थेंब घालते, नाक पुसते, जेवण कोमट करते. घरात उदबत्ती बंद आहे आणि त्याच्या शौचाच्या ट्रेमध्ये धूळ न उडणारी माती आहे. त्रास वाढला की ती डॉक्टर गाठते, मनानं औषध देत नाही.

लोक मला म्हणतात, झालं गेलं, माफ कर त्याला. मी करत नाही. त्यानं एका बोक्याचं नाक आणि माझ्या बहिणीचा माझ्यावरचा विश्वास एकाच नळीतून फुंकून टाकला. दोन्ही पूर्वीसारखी झालेली नाहीत. तुम्हीही उद्या कुणी पूर्ण बरं करतो म्हणाला तर हात जोडण्याआधी खिडकी उघडा, औषध चालू ठेवा, आणि त्याला एवढंच विचारा: तू बरं केलेलं मांजर तीन महिन्यांनी मला त्याच्या घरी नेऊन दाखवशील का? आम्ही आमचं दाखवतो. शिंकतं, पण जेवतं.