बिनकाजाची बटणं

मित्रांनो, काचेला तडा आणि पाठीला रबरबँड, असा मी एक जुना मोबाईल आहे. पण आवाज अजून ठणठणीत आहे की! माझ्या मेहनाजला डोळ्यांनी दिसत नाही. तिचं बोट पडद्यावर जिथं जाईल, तिथलं मी मोठ्यानं वाचतो. धडे, निरोप, सोलापूर-अक्कलकोट बसची वेळ, सगळं मीच वाचलं. "माझा मोबाईल लई गुणी," असं ती वर्गभर सांगायची. मी फुगायचो.

मग शाळेत कथालेखन स्पर्धा आली. गोष्टी पाठवायचं स्पर्धेचं वेबपान मेहनाजच्या वर्गातल्या अपेक्षानं एआयकडून चुटकीसरशी करून घेतलं. काय ते रंग, काय त्या हलत्या चांदण्या! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मेहनाज बोलत गेली, मी तिची गोष्ट त्या पानावर टिपत गेलो. संध्याकाळी मुदत संपणार होती. आता फक्त पाठवायची.

आणि शी! एकाही बटणाला नाव नाही. नुसती चित्रं! मी काय वाचणार, कपाळ? "बटण. बटण. बटण."

कोपऱ्यात शाळेचे गणवेश शिवणारी तिची नानी सुगराबी, मी तिलाच बटणं लावायची घाई करतोय असं समजून, खेकसली, "लगारी ना बटनां! कित्ता बोलता रे मुए!"

पानावरच्या एआय मदतनीसाला विचारलं, तर म्हणतो कसा, "अगदी सोपं आहे! हिरवं बटण दाबा."

हिरवं! किळसच आली मला. मेहनाजनं अंदाजानं एक दाबलं. अख्खी गोष्ट पुसली गेली.

तिनं अपेक्षाला फोन लावला.

"अगं, हिरवं दाबायचं की!"

"हिरवं हाताला कसं लागतं गं?"

अपेक्षा धावत आली. "दे, मी पाठवते तुझी."

"नको. डोळे मीट आणि ऐक."

तिनं डोळे मिटले. मी सुरू झालो, "बटण. बटण. बटण."

"ईऽऽ, काय घाण करून ठेवलंय मी!" तिचंच तोंड कडू झालं.

सुगराबी काज केल्याशिवाय बटण लावत नाही. अपेक्षानंही तिथंच बसून एकेका बटणाला नाव दिलं. मेहनाजनं गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगितली. शेवटी तिचं बोट सरकलं आणि मी जवळजवळ ओरडलोच, "गोष्ट पाठवा!"

तिनं दाबलं. गेली!

"अब लगे क्या बटनां?" कोपऱ्यातून आवाज आला.

"लगे, नानी!"

मित्रांनो, एआयला खुशाल राबवा, चांदण्याही लावा. पण आधी एकदा डोळे मिटून ऐका. बटणांना नावं द्या. नाहीतर मी तुम्हाला नावं ठेवीन!