ताराबाईचं तिकीट

मित्रांनो, माझ्या झाकणाला गंज चढला आहे, तरी ओळख सांगतो. मी एक जुना पत्र्याचा डबा आहे. आदिलाबादच्या बाजारात एका कारागिराने तेलाच्या पिंपाचा पत्रा कापून मला घडवलं. ताराबाईने मला विकत घेतलं तेव्हा ती अगदी तरुण होती. लग्नानंतर लवकरच नवरा वारला आणि ती माहेरी परतली. आईवडीलही राहिले नव्हते. होता तो फक्त धाकटा भाऊ, हर्षदीप. दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचून तिने त्याला वाढवलं, शिकवलं. तिची भाकर माझ्यातच असायची. दुपारी बांधावर बसून ती मला उघडायची आणि अर्धी भाकर त्याच्यासाठी राखून ठेवायची.

पुढे हर्षदीप जवळच्या बोथ गावच्या शाळेत मास्तर झाला. शुभांगी त्याची बायको होऊन घरात आली, तेजस्विनी जन्मली. घरात स्टीलचे डबे आले आणि मी पलंगाखाली गेलो. मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू?

मग एके दिवशी तेजस्विनीने मोबाइलवर हैदराबादजवळचं एक मोठं पार्क पाहिलं. तिथे आकाशाला भिडणारे पाळणे होते, पाण्याच्या घसरगुंड्या होत्या. तिने हट्ट धरला. तिकिटं, प्रवास आणि मुक्काम मिळून खर्च मास्तरांच्या पगाराला जड होता. तेव्हा ताराबाईने मला पलंगाखालून ओढलं, पुसलं आणि सगळ्यांच्या मधोमध ठेवलं. "याच्यात टाकत जा," ती म्हणाली.

मित्रांनो, ते माझे सर्वांत मानाचे दिवस! रविवारचं मटण महिन्यातून एकदाच होऊ लागलं. शुभांगीने चौदा एप्रिलच्या जयंतीला नवी साडी घेतली नाही. तेजस्विनी शाळेबाहेरच्या दुकानासमोरून मान खाली घालून यायची. ताराबाई विधवांची सरकारी पेन्शन मिळाली की गुपचूप एक नोट आत सरकवायची. मी भरत गेलो.

उन्हाळ्याच्या सुट्टीआधी माझं झाकण उघडलं. हर्षदीपने हिशेब मांडला. दोन मोठ्यांची तिकिटं, एक मुलीचं. पैसे बरोबर पुरत होते. तेजस्विनी टाळ्या पिटू लागली.

ताराबाई तांदूळ निवडत होती. मान वर न करता तिने विचारलं, "मायं तिकीट काऊन नाई धरलं, हर्षा?"

हर्षदीप गोंधळला. "अक्का, तिथं उंच पाळणे हायेत. तुले झेपनार नाई."

"झेपते का नाई, हे मले कोनी इचारलं?"

तिने तांदळातला एक खडा बाजूला टाकला. ती शांतपणे म्हणाली, "तू लहान होता तवा जत्रेत पाळना आला होता. एकाचेच पैसे होते. तुले बसवलं, मी खाली उभी राह्यली. मले बी बसायचं होतं."

तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणूनच हर्षदीपला तिच्याकडे बघवेना. शुभांगीने नोटा पुन्हा माझ्यात ठेवल्या. "दसऱ्याच्या सुट्टीत जाऊ," ती म्हणाली. "मुक्काम नको. बसमधीच झोपू. पन अक्कांशिवाय जायचं नाई."

तेजस्विनीने मैत्रिणींना आधीच सांगून ठेवलं होतं. ती रडली. कितीतरी दिवस आत्याशी बोलली नाही. ताराबाईने तिची समजूत घातली नाही आणि आपलं म्हणणंही मागे घेतलं नाही.

दसऱ्याला चौघं गेली. मी घरीच राहिलो, रिकामा. परतल्यावर शुभांगी शेजारणीला सांगत होती ते मी ऐकलं. मोठ्या चक्राच्या पाळण्यात आत्या आणि भाची शेजारी बसल्या होत्या. खाली उतरल्यावरही तेजस्विनीने आत्याचा हात सोडला नव्हता.

त्यानंतरच्या थंडीत ताराबाईला अर्धांगवायू झाला. आता ती अंथरुणावरच असते. शब्द जड येतात. तेजस्विनी शाळेतून आली की जवळ बसते आणि पार्कच्या गोष्टी काढते. परवा म्हणाली, "आत्या, पाळणा सगळ्यात वर गेला तवा आपण दोघींनी डोळे मिटले होते, आठवते?"

ताराबाई बराच वेळ ओठ हलवत राहिली. मग म्हणाली, "तू मिटले होते. म्या... सगळं पाह्यलं."

मित्रांनो, मी पुन्हा पलंगाखाली आहे. मला ओलीपासून जपा, अधूनमधून पुसा, एवढंच माझ्यासाठी मागणं आहे. दुसरं मागणं माझ्यासाठी नाही. घरात सगळे मिळून काही जमवाल, तेव्हा गप्प बसून काम करणाऱ्या माणसाला त्याच्या मनात काय आहे ते विचारा. त्याच्या वतीने उत्तर देऊन टाकू नका. आणि विचाराल ते वेळेत विचारा, त्याचे पाय चालत आहेत तोवर.