नांगराआधी एक उड्डाण

दुपारचं ऊन ओसरीच्या दुसऱ्या खांबाला टेकलं, की पॉलिश पेपरचा आवाज सुरू होई. खर्र, खर्र, मग एक फुंकर, मग पुन्हा खर्र. त्या फुंकरीसरशी बाल्सा नावाच्या हलक्या लाकडाचा पिठासारखा भुगा तिरिपेत तरंगत वर जाई आणि मी नुकत्याच पुसलेल्या फरशीवर, पाण्याच्या तांब्यावर, माझ्या चष्म्यावर सावकाश येऊन बसे. स्वतःचा चष्मा कपाळावर सरकवलेला, ओठांच्या कोपऱ्यात दोन स्क्रू धरलेले, मांडीवर विमानाचा पंख आणि नजर त्या पंखाच्या कडेवर खिळलेली, असे आमचे हवालदार त्या वर्षी आषाढापासून दसऱ्यापर्यंत ओसरीवर बसून होते.

हवालदार म्हणजे माझा नवरा. सैन्याच्या वर्कशॉपमध्ये त्यांनी चोवीस वर्षं दुसऱ्यांच्या गाड्या दुरुस्त केल्या, नंतर काही वर्षं शिरवळच्या कारखान्यात यंत्रांची निगा राखली आणि शेवटी म्हसवडला घरी येऊन माझ्या डोक्याला ताप दिला. दुसऱ्याने जोडलेली कुठलीही वस्तू त्यांना विश्वासार्ह वाटत नाही. घरात नवा मिक्सर आला तर तो आधी उघडला जातो, मग वापरला जातो. मी शाळेत पस्तीस वर्षं मुलांना मराठी शिकवलं, पण 'पुरे' या शब्दाचा अर्थ या एका विद्यार्थ्याला समजावणं मला जमलेलं नाही.

विमान आलं ते एका चपट्या खोक्यातून. रिमोटवर उडणारं, पंखांची लांबी माझ्या पसरलेल्या हातांइतकी, आणि सोबत चित्रांची पुस्तिका. चार संध्याकाळी काम करा, पाचव्या संध्याकाळी उडवा, असं त्या पुस्तिकेत स्वच्छ लिहिलं होतं. ते वाक्य मी मोठ्याने वाचून दाखवलं. हवालदारांनी ते एखाद्या कोवळ्या लेफ्टनंटचं म्हणणं ऐकावं तसं ऐकून घेतलं आणि खोक्यातले स्क्रू एकेक करून उजेडात धरायला सुरुवात केली.

इथे मला माझा स्वार्थ सांगितला पाहिजे. गावाच्या पूर्वेला माझ्या वडिलांचा माळ होता. कुसळी गवत, काळे धोंडे, मधोमध एक बोरीचं झाड, बाकी नजर पोचेल तिथवर सपाट मोकळीक. आबा तिथे मेंढरं चारत आणि मी लहानपणी त्यांच्या घोंगडीवर उताणी पडून घारींच्या सावल्या बघत असे. घार वर कुठे दिसायची नाही, पण तिची सावली गवतावरून, धोंड्यांवरून, मेंढरांच्या पाठींवरून न अडखळता सरकत जायची. आता कालव्याचं पाणी आलं होतं. माझा धाकटा भाऊ बापू तिथे ऊस लावणार होता. मी हक्कसोडपत्रावर सही करून दिली होती, आणि त्याचं मला वाईट वाटलं नव्हतं. पाण्यासाठी आबांचा जन्म गेला, ते दारात आल्यावर मी माळाचे गोडवे काय गायचे? फक्त एक मागणं मी हवालदारांजवळ मागितलं होतं. नांगर लागायच्या आत एकदा, एकदाच, ते विमान त्या माळावरून उडवा. मला ती सावली पुन्हा बघायची होती.

बापूने मुदतही सांगून टाकली होती. "आक्का, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी टॅक्टर घालतोय बघ. मागनं म्हणू नगंस, सांगितलं न्हाई."

"दाजीस्नी सांग," मी म्हटलं.

दाजींनी मान हलवली आणि शेपटीकडे जाणारी तार उपसून काढली. ती मऊ आहे म्हणे. तिच्या जागी जाड पोलादी तार आली. जाड तार ओढायला पोटातल्या सर्व्हो, म्हणजे शेपटी हलवणाऱ्या काड्यापेटीएवढ्या दोन मोटरी, कमी पडतील, म्हणून धातूच्या दातांच्या मोठ्या सर्व्हो मागवल्या. त्या जुन्या खाचेत बसेनात, म्हणून खाच कोरली. कोरल्यावर लाकूड कमजोर झालं, म्हणून आतून प्लायवूडच्या पट्ट्या ठोकल्या. शेपटीचं प्लॅस्टिकचं चाक जाऊन पितळी बुशाचं आलं. त्याने शेपूट जड झाली, म्हणून नाकात शिशाचे तुकडे भरले. एका दुरुस्तीच्या पोटी दुसरी जन्मत होती आणि श्रावण संपून भाद्रपद लागला होता. पुढची चाकं मात्र मोठी बसवली ती रास्तच होती, हे मी न्यायाने कबूल करते. माळावरच्या धोंड्यांत खोक्यातली चाकं दोन हातही धावली नसती.

"आवं, कवा उडायचं हाय ह्ये?"

"उडंल की. एवढं बिजागरं बदलू दे. लय पोकळ माल हाय समदा."

पंखांवर ताणून बसवायच्या रंगीत कागदासाठी माझी इस्त्री गेली. गरम इस्त्रीने तो प्लॅस्टिकसारखा कागद आवळून घट्ट होतो, हे खरंच बघण्यासारखं असतं. सुरकुत्या आपल्या डोळ्यांदेखत विरत जातात आणि पंख ढोलकीच्या पानासारखा वाजू लागतो. पण त्यानंतर माझ्या पांढऱ्या साडीच्या काठावर केशरी डाग उमटला. मी साडी नेऊन त्यांच्यापुढे धरली. त्यांनी डागाकडे न बघता इस्त्रीचा तळ बघितला आणि तो घासायला घेतला. मी चिडले होते आणि अजूनही चिडलेली आहे.

तरीही एक दृश्य होतं, ज्यासाठी मी हातातलं काम टाकून उंबऱ्याशी उभी राहत असे. प्रत्येक बदलानंतर ते विमानाचा तोल बघत. दोन्ही हातांची एकेक तर्जनी पंखांखाली, नेमक्या खुणेवर, आणि श्वास रोखलेला. लोखंडाशी झुंजून राठ झालेल्या, नखांत कायमचं काळं तेल मुरलेल्या त्या दोन बोटांवर विमान क्षणभर अधांतरी तरंगे. नाक किंचित खाली, शेपूट किंचित वर. बाहेर वारं पडलेलं, सावळ्या ढगांतून ऊन गाळून येत असलेलं, आणि या माणसाच्या चेहऱ्यावर मी चाळीस वर्षांच्या संसारात क्वचित पाहिलेलं नवल. मग ते 'हं' म्हणून विमान खाली ठेवत आणि पुन्हा पाना उचलत. तिथेच माझं डोकं फिरे.

खंडेनवमीला पाने, पक्कडी, सोल्डरिंग आयर्न, सगळी हत्यारं पाटावर मांडली गेली आणि त्यांच्या मधोमध झेंडूची माळ घालून विमान. आमच्याकडे त्या दिवशी हत्याराला हात लावत नाहीत. त्यामुळे एक अख्खा दिवस विमानात काहीही बदललं नाही, आणि मी देवीचे मनापासून आभार मानले.

दसऱ्याला सकाळीच आम्ही माळावर गेलो. बोरीपाशी त्यांनी विमान ठेवलं, पोटाचं झाकण उघडून बॅटरी जोडली, नाकातली मोटर बारीक आवाजात तीनदा किणकिणली. आणि मी पुढे झाले. नवं वाहन घरी आलं, की आपण जे करतो तेच मी केलं, त्यात माझं काय चुकलं असं मला तेव्हा वाटत होतं. नाकाला सिद्धनाथाचा गुलाल लावला, पंखावर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, दोन चाकांखाली दोन लिंबं ठेवली, धोंड्यावर नारळ फोडला आणि त्याचं पाणी, ट्रॅक्टरवर घालतात तसं, नाकापासून शेपटीपर्यंत भरल्या मनाने ओतलं.

शेपटीची पट्टी ताडकन वर झाली आणि तिथेच अडकली. पोटातून गुरगुर ऐकू आली, मग तीही थांबली.

"पोट उघडं हुतं गं," हवालदार एवढंच म्हणाले.

ते रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. चार महिने मी त्यांना बोल लावले होते, आणि ऐन वेळी विमान मारलं ते मी. परतीच्या वाटेवर मी त्यांच्या मागून चालत होते आणि मला रडू येत होतं, माळासाठी की माझ्या मूर्खपणासाठी, ते मला कळत नव्हतं.

रिमोटची आज्ञा ऐकणारा रिसीव्हर त्यांनी फुग्यात गुंडाळून बांधला होता, म्हणून तो वाचला. मोठ्या सर्व्हो मात्र दोन्ही गेल्या. त्यांनी फडताळातून बिस्किटांचा डबा काढला. मी त्यात डोकावले. खोक्यातून आलेला एकेक स्क्रू, एकेक मऊ तार, पोकळ बिजागरं, प्लॅस्टिकचं चाक, सगळं सुतळीने बांधून, चिठ्ठ्या लावून ठेवलेलं. सैन्यात काढलेला भाग टाकून देत नाहीत म्हणे, परत जमा करतात.

जुन्या छोट्या सर्व्हो बसल्या. त्यांना जाड तार ओढवेना, म्हणून मऊ तार परत आली. मग बिजागरं, मग शेपटीचं चाक. मग नाकातलं शिसं नको झालं, प्लायवूडच्या पट्ट्याही निघाल्या. भाद्रपद, श्रावण, आषाढ, एकेक महिना उलटा उलगडत गेला. संध्याकाळी सोनं द्यायला माणसं आली, तेव्हा त्यांनी आपट्याची पानं डाव्या हाताने घेतली, कारण उजव्यात स्क्रू-ड्रायव्हर होता. पानं ते पंखावरच ठेवत गेले. शेवटी ती बाजूला काढून त्यांनी माझ्या स्वयंपाकाच्या काट्यावर आधी विमान, मग त्यातून काढलेल्या जड भागांचा ढीग ठेवला, पुस्तिकेतलं वजनाचं पान उघडलं आणि बराच वेळ दोन्हीकडे बघत राहिले.

"शालन," ते म्हणाले, "सकाळी हाय तसं सोडलं असतं तर जाग्यावरनं उठलंच नसतं. लय जड हुतं." आणि थोड्या वेळाने, "माझंच चुकलं बघ."

मी हे वाक्य ऐकायला चार महिने थांबले होते. आता ते आलं, तेव्हा मी त्यांच्या पुढ्यातली आपट्याची पानं गोळा करायला लागले.

दुसऱ्या दिवशी आम्ही पोचलो तेव्हा बापूचा ट्रॅक्टर पलीकडच्या बांधापासून लागलेला होता. काळी ओली तासं वर येत होती, बगळे मागून चालत होते, आणि पिवळं गवत प्रत्येक फेरीला थोडं थोडं अरुंद होत होतं. या वेळी मी नारळ आणला नव्हता. हवालदारांनी तोल बघितला, दोन बोटं, रोखलेला श्वास, 'हं'. पण पाना उचलला नाही. विमान धोंड्यांवरून उसळत धावलं, एकदा डुललं, आणि मग जमिनीने त्याला सोडून दिलं.

बापूने ट्रॅक्टर थांबवला. त्या थांबण्याने झालेल्या शांततेत वरची गुणगुण तेवढी उरली. सगळे वर बघत होते. मी खाली बघत होते. ती आली. गवतावरून, बोरीवरून, तासांच्या काळ्या लाटांवरून, बापूच्या अंगावरून ती न अडखळता सरकत गेली, वळली, पुन्हा आली. मी सात वर्षांची होते आणि घोंगडीला मेंढरांचा वास येत होता. किती वेळ, ते मला सांगता येणार नाही. मग विमान मोठ्या चाकांवर उतरलं, आणि हवालदार रिमोट गळ्यातून काढत म्हणाले, "नाकाचा पंखा जरा मोठा बसवला तर..."

"बसवा," मी म्हटलं.

आता तिथे डोक्याच्या वर ऊस आहे. उडवायला जागा उरलेली नाही, तरी ओसरीवर दुपारी खर्र खर्र चालूच असते आणि फरशी पुसून मी अजून वैतागते. कधी तो आवाज मध्येच थांबतो, हवालदार दोन बोटांवर काहीतरी तोलत असावेत. तेवढ्या अवधीत माझ्या आत ती सावली पुढे सरकते, आणि नांगरलेलं, न नांगरलेलं तिला अजून सारखंच असतं.