बांगड्याचं जाळं

"उठले काय हात?" रझियाने स्वयंपाकघरातून विचारलं.

"उजवा उठला. डावा अजून लोळतोय," गुलाम रसूल म्हणाला. कोमट पाण्याच्या टोपात दोन्ही हात बुडवून तो एकेक बोट मिटत होता, उघडत होता.

फाटकी जाळी सांधण्यात अख्ख्या पूर्णगडात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता, आणि संधिवाताने नेमके त्याचे हातच धरले. पहिलं वर्ष त्याने भिंतीकडे तोंड करून काढलं. मग रत्नागिरीच्या डॉक्टरीणबाईंनी एकदा ठणकावलं, "चाचा, हे दुखणं घरजावयासारखं आहे. जायचं नाही. पण म्हणून घर त्याच्या ताब्यात द्यायचं नाही." ते त्याला पटलं. तेव्हापासून आठवड्याची गोळी, सकाळचं कोमट पाणी आणि दारात बसून जमेल तेवढं काम. सुईला कापड गुंडाळून त्याने ती जाड केली होती, म्हणजे मुठीत धरता येई. कोणी चौकशी केली की हसायचा, "जन्मभर लोकांची जाळी सांधली, आता माजेच सांधे उसवले."

त्या दिवशी होडीवाला महिपत खांद्यावर जाळं टाकूनच आला. "चाचा, खडकाला अडकून फाटलं. खाडीच्या तोंडावर बांगडा लागलाय, सांजच्याला निघायलाच हवं."

गुलाम रसूलने जाळं पसरलं. माणूस आरपार जाईल एवढं भगदाड होतं.

"नायतर मिरकरवाड्याला दुसऱ्या कुणाकडं नेतो," महिपत हळूच म्हणाला. "तुमाला तरास नको."

तो मायेनेच बोलला होता. तीच माया गुलाम रसूलला टोचली. "ठेव इथं," तो म्हणाला. "सांजेला ने."

महिपत गेल्यावर रझिया कडाडली, "डाक्टरीण काय बोलली ती? दमेस्तोवर करू नका."

"दमलो की थांबतो ना गो."

थोडं विणायचं, थोडं थांबायचं, पुन्हा सुई धरायची, असं करत दुपारपर्यंत निम्मं भगदाड भरलं. मग बोटांची पेरं सुजून लाल झाली. सुई निसटली. उचलली, पुन्हा निसटली. तिसऱ्यांदा तिच्यावर बोटं मिटेनातच.

त्याने सुई बाजूला सारली. मग म्हणाला, "महिपतला फोन लाव. म्हणावं, घेऊन जा."

रझियाने फोन घेतला नाही. पदर खोचून ती त्याच्यासमोर बसली आणि तिने सुई उचलली. जयगडला तिच्या बापाला मुलगा नव्हता. लग्नाआधी त्याची जाळी तीच सांधायची. इथे आल्यावर सासूने सांगितलं होतं, आमच्यात बायका दारात बसून जाळी विणत नाहीत. गुलाम रसूलला हे ठाऊक होतं. त्यावर तो कधी काही बोलला नव्हता.

"ही गाठ सुटेल. परत घाल."

"ओरडू नका. चाळीस वर्षांनी सुई धरल्येय मी."

त्याने जाळ्याची कड पायाच्या अंगठ्यात अडकवली, दुसरी कोपराखाली दाबली आणि जाळं ताणून धरलं. एकदोन ओळी वेड्यावाकड्या गेल्या, त्या तिने स्वतःच उसवल्या. मग मात्र तिचा हात असा सुटला, की तो सूचना द्यायचं विसरला.

शेजारची रुबिना जाता जाता थबकली. "चाची, तुम्ही?"

रझियाचा हात थांबला. गुलाम रसूलच बोलला, "बघतेस काय? बस, शिकून घे."

ऊन उतरताना महिपत आला. जाळं ओढून, ताणून त्याने सगळीकडून पाहिलं. नवं कुठं सुरू होतं आणि जुनं कुठं संपतं, ते त्याला कळेना. "चाचा, मानलं तुमाला! हात अजून होता तसाच हाय."

रझिया खाली बघत दोऱ्याचे तुकडे गोळा करायला लागली.

"वरचं माजं," गुलाम रसूल म्हणाला. "खालचं सगळं चाचीचं."

महिपतने एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. मग जाळं खांद्यावर घेऊन तो निघाला. त्या रात्री होडी भरून बांगडा लागला, आणि सकाळी त्यातला वाटा पानात बांधून दारात आला.

चार दिवसांनी अंगणाच्या दगडी गडग्यापलीकडून, खांद्यावर फाटकं जाळं घेतलेल्या एका होडीवाल्याची हाक आली, "चाची हाय काय घरात?"

त्या दारात आजवर हाक यायची ती गुलाम रसूलच्या नावाने.

"हाय, हाय. ये, बस," तो म्हणाला. आणि दोन्ही तळहात जमिनीला टेकत, गुडघे सांभाळत, तो चटईवर हळूहळू आत सरकला. उजेडाकडची जागा त्याने रझियासाठी मोकळी केली.