इतर, असल्यास लिहा

आम्ही औषधांच्या बाटल्यांवरची लेबलं तपासतो. पाच टेबलांवर पाच जणी आणि समोर मोठ्या बाई. आमच्या खात्यात एकाच चुकीला माफी नाही, ती म्हणजे रकाना रिकामा सोडणं. तारखेविना एक लेबल बाहेर गेलं तर कुणाच्या तरी जिवावर बेतेल, हे बाईंनी आमच्या डोक्यात पक्कं बसवलंय.

सोमवारी वरून कागद आले. 'या नोकरीत तुम्हाला सर्वांत मोलाचं काय वाटतं? नाव लिहू नये.' खाली कँटीन, विमा, रजा आणि शेवटी 'इतर'. मी विम्यावर खूण केली. 'इतर' मोकळं दिसलं आणि सवयीने हात चालला: 'दुपारी एक वाजता आईला जेवू घालायला चाळीस मिनिटं घरी जाता येतं.' कागद पेटीत टाकला आणि मग दरदरून घाम फुटला.

कारण ही मुभा कुठल्याच नियमात नव्हती, ती बाईंनी दिलेली. जी घरी जाईल तिने जादा चष्मा टेबलावर ठेवायचा. वरून कुणी आलं तर बाकीच्यांनी म्हणायचं, "आत्ता इथेच होती." नऊ वर्षं त्या चष्म्यांनी आम्हाला सांभाळलं. आणि मी महाशहाणीने ते लिहून दिलं, तेही खात्याचा शिक्का असलेल्या कागदावर.

आईला आता काही आठवत नाही. तिच्याजवळ दिवसभर बाई ठेवणं माझ्या पगारात बसत नाही. गेल्या महिन्यात मला वीस मिनिटं उशीर झाला, तर आई मला शोधायला अनवाणी निघाली आणि ट्रकांच्या रस्त्यावर मधोमध सापडली. सोमवारपासून दोन रात्री डोळ्याला डोळा लागला नाही, तो याच भीतीने.

बुधवारी सकाळी बाईंना वर बोलावणं आलं. माझ्या शेजारी बसते तिला आम्ही चिमणी म्हणतो.

"तू इतरमध्ये काही लिहिलंस?" मी विचारलं.

"मी कशाला लिहू?" ती मान वर न करता म्हणाली. तिने तेच लेबल दुसऱ्यांदा तपासायला घेतलं.

तासाभराने बाई परत आल्या. चेहरा पांढराफटक. त्यांनी दार लावून घेतलं.

"पाचही जणींनी इतर भरलंय. पाचही कागदांवर दुपारी घरी जाणं." त्यांनी एकेकीकडे पाहिलं. "रिकामं सोडायचं नाही, हे मीच शिकवलं ना. मग मी तरी कशी सोडणार?"

"तुम्ही काय लिहिलंत?" चिमणीने विचारलं.

"हेच, की तुम्हाला दुपारी घरी जाऊ देता येतं मला."

बाईंना गोदामात टाकलं होतं. उद्यापासून फाटकावर अंगठ्याची हजेरी, सहाच्या आधी कुणी बाहेर नाही. चिमणी रडायला लागली.

बाईंनी घड्याळ पाहिलं. "एक वाजत आलाय. चष्मा ठेव आणि जा तू. अंगठा उद्यापासून आहे."

मी धावतच घरी पोचले. आई ताट पुढ्यात घेऊन बसली होती. माझं नाव तिला सांगता आलं नसतं, पण मला बघून ती हसली आणि घड्याळाकडे बोट केलं.

"एक वाजला की तू येतेस."

"हो," मी म्हणाले आणि घास पुढे केला.

तिने तो शांतपणे चावून गिळला. मग माझा गाल कुरवाळत म्हणाली, "उद्या उशीर झाला तर घाबरू नकोस हं. मी येईन तुला न्यायला."