कुंपणावर थांबलेली पानं

लोणावळ्यात वलवणच्या धरणाकडे जाणाऱ्या रस्त्यावर पुण्याच्या राजेश्वरी मॅडमचा बंगला आहे. बंगला बेताचाच, पण आवारात अख्खी जत्रा मावेल. आवारभर सागाची झाडं. ती मॅडमच्या सासऱ्यांनी लावली होती, मोठी झाली की विकू म्हणून. आणि मोठी झाल्यावर कुणालाच विकवेनात.

बंगल्याची राखण गावातला सोपान आणि त्याची बायको रतनबाई करायचे. माघ लागला की साग झडायला लागतो. सागाचं पान सुपाएवढं, आणि पडताना पापड मोडल्यासारखं वाजतं. रतनबाई सकाळी खराटा घेऊन पायरीपासून सुरुवात करी आणि फाटकापाशी पोचून मागे वळून बघे, तर पायरीपाशी पुन्हा तेवढीच पडलेली. तिची त्याबद्दल काही तक्रार नव्हती. झाडं कुठे जाणार नव्हती, आणि तीही.

तक्रार मॅडमची होती. त्यांनी आवारात कॅमेरे बसवले होते आणि पुण्यात बसून त्या मोबाइलवर अंगण बघत. "रतनबाई, तुळशीच्या डावीकडे एक पान राहिलंय," असा खांबावरच्या कॅमेऱ्यातून आवाज येई. रतनबाई आधी पदर सावरी, मग पान उचली. शेवटी मॅडमनीच कंटाळून पेट्रोलवर चालणारा ब्लोअर पाठवून दिला. दप्तरासारखा पाठीवर अडकवायचा, सोंड हातात धरायची आणि पुढ्यातलं सगळं उडवून द्यायचं.

सोपानने जन्मात खराट्याला हात लावला नव्हता. पण मशीन म्हटल्यावर त्याने ते पाठीवर घेतलं, डोक्यात हेल्मेट घातलं, डोळ्यांवर गॉगल चढवला आणि कानांत कापसाचे बोळे कोंबले.

"ही तर फुंकणी हाय," रतनबाई म्हणाली. "चुलीचीच, पर थोराड."

"फुंकणी न्हाई, ब्लोअर. तू सर बाजूला."

चहा उकळेपर्यंत अंगण आरशासारखं झालं. सोपान कॅमेऱ्यासमोर छाती काढून उभा राहिला, आणि मॅडम "वा!" म्हणाल्या. पानं शेजारच्या बंगल्यात गेली होती.

तो बंगला मुंबईच्या एका शेटचा. तिथलं सगळं चंपाबाई बघायची. ती तारेच्या कुंपणापाशी आली, हातात निथळणारं पान.

"सोपानभाऊ, तुमची पानं आमच्या स्विमिंग पुलात पडल्यात."

"पानांवर काय नाव लिवलंय का?"

"आमच्यात सागाचं एक झाड न्हाई. सगळी पामची हायती."

"वाऱ्यानं आली असतील."

"वारा तुमच्या पाठीवर हाय, भाऊ."

सोपानने कापसाचे बोळे पुन्हा कानांत कोंबले. त्या आठवड्यात शेटनेही ब्लोअर पाठवला, सोपानच्यापेक्षा एक नंबर मोठा. मग सकाळी सोपान पानं पलीकडे घालवी आणि दुपारी चंपाबाई ती व्याजासकट परत करी, म्हणजे सोबत पामच्या दोन-चार झावळ्या. रतनबाईने खराटा मोरीत उभा करून ठेवला आणि ती दोघांना पाणी नेऊन देऊ लागली.

एके दिवशी दुपार टळल्यावर दोघांनी एकाच वेळी मशीन चालू केलं. हा इकडून, ती तिकडून, मध्ये कुंपण. पानं उठली, वर गेली आणि कुंपणाच्या वर थांबली. इकडेही पडेनात, तिकडेही जाईनात. पुरुषभर उंचीची पानांची एक भिंत हवेत थरथरत उभी राहिली. सोपानला वाटलं, आधी आपण सोंड खाली केली तर सगळी आपल्याच अंगावर येणार. चंपाबाईलाही तेच वाटलं. दोघं दात आवळून तसेच उभे राहिले.

धरणाकडे निघालेली एक गाडी थांबली. मग तिच्या मागची. लोक उतरून कुंपणाशी आले, मोबाइल वर झाले. एकाने ओरडून विचारलं, "काका, हे रोज असतं का? किती वाजता?"

कानात बोळे असल्याने सोपानला काही ऐकू आलं नाही. जवळ येऊ नका म्हणून त्याने पंजा दाखवला.

दुसऱ्या दिवशी पाच वाजता रस्त्यावर गाड्यांची रांग लागली. सोपानला काही उमगेना, पण एवढी माणसं उन्हात उभी बघून त्याने मशीन पाठीवर घेतलं. चंपाबाई पलीकडून आलीच. आठवडाभरात भाजलेल्या कणसांची गाडी लागली, फुगेवाला आला. चौदा एप्रिलला तर पंचाईत झाली. चंपाबाई जयंतीच्या मिरवणुकीत होती. सोपानने एकट्यानेच मशीन मारलं, तर पानं सरळ पलीकडे जाऊन पडली. लोक हळहळले. एक आजोबा म्हणाले, "विरोधच राहिला नाही हो."

हे सगळं कॅमेऱ्यात बघून मॅडम तरातरा लोणावळ्याला आल्या. रागावायच्या तयारीनेच गाडीतून उतरल्या. पाच वाजले, पानं उठून थांबली. मॅडम कुंपणापर्यंत गेल्या, दोन पावलं मागे आल्या.

मग म्हणाल्या, "सोपान, सोंड जरा वर धरा. मधे विरळ दिसतंय."

त्यांनी बंगला पाहुण्यांना द्यायला सुरुवात केली. व्हरांड्यातून पानं दिसणारी खोली सगळ्यांत आधी जाई. पण साग काही मॅडमसाठी झडत नव्हता. झाडांवर नवी पालवी आली, आणि होती ती पानं रोज उडून उडून भुगा झाली. तेव्हा मॅडमनी कान्हे गावातून टेंपोभर सागाची पानं मागवली. दर शनिवारी टेंपो यायचा, अंगणात पानं ओतायचा, आणि ती पसरायचं काम रतनबाईवर आलं.

तिला ते जमेना. ती पान इकडे टाकी, पण हात आपोआप गोळा करी. तासाभराने बघावं तर कोपऱ्यात नीटनेटका ढीग.

"रतनबाई, पायरीपाशी मोकळं दिसतंय," खांबावरून आवाज आला. रतनबाईने तोंड फिरवून दोन पानं पायरीवर टाकली. कुणाच्या दारात घाण करावी तसं तिला वाटलं. जेवताना ती नवऱ्याला म्हणाली, "अवं, आपुन केर आणवतोय."

"केर न्हाई, माल हाय त्यो," सोपान म्हणाला. पण बोलताना त्याने तिच्याकडे पाहिलं नाही.

मेच्या सुट्टीतल्या एका शनिवारी टेंपो आलाच नाही. पानांचा कार्यक्रम बघायला निघालेल्या लोकांनी जुना हायवे एवढा भरून गेला होता, की पानंच वरसोलीच्या टोलनाक्यापाशी अडकून पडली. इकडे अंगणात औषधाला पान नाही. बाहेर मात्र गर्दी उसळलेली. सुट्टीला बंगल्यावर आलेल्या मॅडम टेंपोवाल्याला फोन लावून लावून थकल्या आणि खांबाच्या आडोशाला जाऊन उभ्या राहिल्या.

"भाऊ, सुरू करायचं का?" चंपाबाईने कुंपणापलीकडून विचारलं.

"कशावर?"

"ते मला इचारू नगा. लोकं खोळंबल्यात."

सोपानने कानांत बोळे घातले. दोन्ही मशीनं गरजली. दोन्ही सोंडा कुंपणावर रोखल्या गेल्या, आणि मध्ये काहीच नव्हतं. वाऱ्याने तार तेवढी झिणझिणत होती. आता ही माणसं आपल्याला दगड मारणार, याबद्दल सोपानला शंका नव्हती.

पण कुणीतरी मोबाइल वर केला. मग दुसऱ्याने, मग सगळ्यांनी. एक बाई डोळे मिटून म्हणाली, "किती शांत वाटतं, नाही?" हे तिला त्या घरघरीत ओरडून सांगावं लागलं. पाठीमागे एक गृहस्थ बायकोला समजावत होते, "मागच्या वेळी पानं होती. आता हे त्याच्या पुढे गेलेत." मशीनं बंद झाली तशा टाळ्या पडल्या. चंपाबाईने सोपानकडे बघितलं, सोपानने चंपाबाईकडे, आणि दोघांनी प्रेक्षकांना हात जोडले.

दिवेलागणीला टेंपो आला. "कुटं वतू?" ड्रायव्हरने विचारलं.

मॅडमनी अंगणाकडे एकदा पाहिलं. "कुठेच नको," त्या म्हणाल्या. "पुढच्या शनिवारीही आणू नका."

ड्रायव्हर कुरकुरला. रतनबाईने त्याला चहा दिला, वर दोन बटर दिले, आणि फाटकापर्यंत पोचवायलाही गेली. एकही पान खाली सांडलं नाही ना, हे तिने वाकून बघितलं.

पुढच्या शनिवारी पाच वाजता ती पायरीवर टेकली. समोर नवरा आणि चंपाबाई हेल्मेट घालून जिवाच्या आकांताने हवेवर हवा मारत होते. कुंपणाच्या वर काहीच नव्हतं, सगळं स्वच्छ, मोकळं. रतनबाईने पाय लांब केले आणि पहिल्यांदाच कार्यक्रम शेवटपर्यंत बघितला.