सोंगटी मेली

माधवराव लोणावळ्याच्या शाळेत इंग्रजी पहिलीला शिकवत. पोरं धडे धडाधड पाठ म्हणत, पण साधं काही इंग्रजीत विचारलं की सगळ्यांच्या जिभा टाळूला चिकटत. शेवटी मास्तरांनी घरच्या खुंटीवरचा सारीपाट काढला आणि काखेत मारून वर्गात आणला.

तो पट मास्तरांच्या पत्नीने, अरुंधतीबाईंनी शिवलेला. खणाच्या लाल-हिरव्या पट्ट्या, मधल्या घरात जरीचा तुकडा. जेवणं उरकली की नवराबायको समोरासमोर बसत, आणि खेळता खेळता मास्तर दिवसभराचा वर्ग बाईंना सांगत. आषाढात बाई तापाने गेल्या. भेटायला आलेल्यांशी मास्तर त्याबद्दल एक शब्दही बोलू शकले नाहीत. नुसती मान हलवत.

वर्गातला नियम सोपा होता. कवड्या टाकायच्या आणि किती दान पडलं, कोणती सोंगटी कुठे गेली, ते इंग्रजीत सांगायचं. चुकलं तरी चालेल, गप्प राहिलं तर दान फुकट. पोरं खुळावली. वलवणचा हौशीराम तर कवड्या थांबायच्या आतच ओरडू लागे.

बोलत नव्हता तो एकटा नथू. वडिवळ्याचा पोरगा, शिकायला म्हणून रेल्वेत खलाशी असलेल्या चुलत्याकडे राहिलेला. खेळ त्याला पक्का येई, पण पाळी आली की मान खाली. त्याला भिडू म्हणून कुणी घेईना, तेव्हा मास्तरच त्याचे भिडू झाले.

दसरा झाला आणि एका दुपारी चुलता कोंडाजी वर्गाच्या दारात येऊन उभा राहिला.

"मास्तर, ह्याचं त्वांड काय उघडत न्हाई. घरात मुका, हितं बी मुका. भातं कापनीला आली, तिकडं भावाला हात तरी मिळंल. घिऊन जातो."

मास्तरांनी एवढा डाव संपेपर्यंत थांबायची विनंती केली. कोंडाजी उंबऱ्यापाशी उकिडवा बसला.

हौशीरामने दान टाकलं आणि मास्तरांची लाल सोंगटी मारली. घरी खेळताना लाल सोंगट्या अरुंधतीबाईंच्या असत. मास्तर उगाच तिच्याकडे बघत राहिले. नथूने सोंगटीकडे पाहिलं, मग मास्तरांकडे, आणि अडखळत म्हणाला, "सर, शी इज डेड."

"आरं, सोंगटी काय बाई हाय व्हय? इट म्हन, इट," हौशीराम हसला, आणि मग त्याचं त्यालाच उमजून त्याने जीभ चावली. बाई गेल्याचं सगळ्या वर्गाला ठाऊक होतं.

मराठीतली ती सोंगटी इंग्रजीतही 'शी' होते, ही चूक मास्तर पहिल्या दिवसापासून दुरुस्त करत आले होते. आज त्यांनी ती तशीच राहू दिली.

"यस," ते म्हणाले. "शी इज डेड."

आपण बरोबर बोललो असं वाटून नथूला धीर आला. मेलेली सोंगटी मधल्या घरातून पुन्हा पटावर येते, हे त्याला पक्कं माहीत होतं. मास्तरांची समजूत घालावी तसा तो म्हणाला, "शी विल कम अगेन, सर."

मास्तरांनी सोंगटी जरीच्या तुकड्यावर नीट उभी केली.

"इट," ते हळूच म्हणाले. "इट विल कम अगेन."

नथूने ते वाक्य तसंच पुन्हा म्हटलं, आणि चांगलं मोठ्याने.

"काय म्हनला त्यो?" कोंडाजीने दारातून विचारलं.

"सोंगटी परत येईल म्हणाला."

"बोलतोय की मग." कोंडाजी गुडघ्यावर हात टेकून उठला. "ऱ्हाऊ द्या हितंच. दिवाळीला न्हेईन."

संध्याकाळी मास्तरांनी घराचं कुलूप काढलं, पट खुंटीला लावला, आणि चपला काढता काढता सवयीने स्वयंपाकघराच्या दिशेने म्हणाले, "अगं, आज नथू बोलला."

मग दिवा लावायला ते स्वतःच आत गेले.